मोटर थांबते तिथून पुढं

ईलीच्या मुख्य रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांपैकी निम्म्यांच्या टपावर होड्या पालथ्या बांधलेल्या असतात. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, पार ईशान्येला, कॅनडाच्या सीमेजवळच्या जंगलात हे गाव आहे. ते वसलं लोखंडाच्या खाणींमुळे. फिनलंडहून, स्लोव्हेनियाहून माणसं इथं जमिनीखाली राबायला आली. १९६७ मध्ये शेवटची खाण बंद झाली, तेव्हा गावाच्या हाती उरलं ते भोवतीचं पाणी. आज गाव त्या पाण्यावरच चालतं. तंबू, वल्ही, होड्या भाड्यानं देणारी दुकानं पावलोपावली आहेत. बेकरीत अक्रोडाचं सारण पसरून गुंडाळलेली स्लोव्हेनियन पोतित्सा मिळते. तिची वडी कापून देताना बेकरीवाल्या बाईंनी आम्हाला कुठून आलात असं विचारलं नाही, कुठल्या तळ्यातून आत शिरताय असं विचारलं.

आत म्हणजे बाउंड्री वॉटर्समध्ये. सुपीरियर राष्ट्रीय वनाचा हा उत्तरेकडचा पट्टा जवळपास ४,४०० चौरस किलोमीटरचा आहे आणि त्यात हजाराहून अधिक तळी आहेत. हिमयुगातल्या बर्फानं इथला कोट्यवधी वर्षांचा खडक खरवडला आणि बर्फ वितळला तसे ते खळगे भरत गेले. आत रस्ता नाही. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर होडी पाण्याबाहेर काढायची, खांद्यावर घ्यायची, जंगलातून चालत न्यायची आणि पलीकडच्या पाण्यात सोडायची. त्या पायवाटेला पोर्टेज म्हणतात. चालणं, वल्हवणं आणि रानातला मुक्काम असं सगळं एकाच प्रवासात मिळतं. सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकून पाय तयार झाले होते, हातांना मात्र वल्ह्याची ओळख नव्हती.

आम्ही चौघं होतो. मी, मिनिआपोलिसला राहणारा माझा भाचा, त्याची बायको आणि त्यांचे शेजारी. हे शेजारी भूगोलाचे निवृत्त शिक्षक. सत्तरी ओलांडलेले, सडपातळ, लहानपणापासून या तळ्यांवर येणारे. भाचा आणि सून त्यांना सरळ पहिल्या नावानं हाक मारतात, आणि त्यांनाही तेच आवडतं. माझ्या तोंडून ते निघेना. मी त्यांना सर म्हणत राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या हाकेला ओ द्यायला सुरुवात केली, आणि मला वाटतं, त्यांना ती थोडी आवडलीही.

आत शिरण्याआधी वन खात्याच्या कचेरीतून परवाना घ्यावा लागतो. उन्हाळ्यात रात्रीच्या मुक्कामासाठी प्रत्येक प्रवेशद्वारातून रोज ठरावीकच गट सोडतात. गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या. परवाना हातात देण्याआधी तिथल्या तरुण कर्मचारी मुलीनं आम्हाला एक चित्रफीत दाखवली आणि मग प्रश्न विचारले. भांडी तळ्यात धुवायची का? नाही, काठापासून दोनशे फूट लांब. विस्तव कुठं पेटवायचा? मुक्कामाच्या जागी बसवलेल्या लोखंडी जाळीतच. सरांनी ही उत्तरं आयुष्यभर दिली असणार. तरी त्यांनी खुर्चीत ताठ बसून, पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी ती पुन्हा दिली. मला त्या क्षणी हा माणूस फार आवडला.

खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत. १९७१ पासून हा नियम आहे. त्याआधी तळ्यांच्या तळाशी पत्र्याच्या डब्यांचा खच असायचा, असं सर सांगत होते. या नियमामुळे इथल्या लोकांचा शिधा सगळा कोरडा असतो. दुकानात वाळवलेल्या रश्शांच्या पाकिटांसमोर भाचा हिशेब करत उभा राहिला, तेव्हा सुनेनं त्याला मागं ओढलं. आपल्या घरात याच्यासाठी काही शोधायला नको होतं. डाळीचं पीठ, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, सुकं खोबरं, गूळ. शिदोरी बांधून देणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी ही परीक्षा पहिल्या झटक्यात पार केली असती.

मूस तळ्याच्या धक्क्यावरून आम्ही निघालो. पुढं बसणारा जोर लावतो, मागं बसणारा दिशा राखतो. मी सरांच्या होडीत पुढं होते. त्यांनी शिकवलं ते एवढंच की वल्हं हातांनी ओढू नये, कमरेपासून अंग वळवावं आणि पाणी मागं सारण्यापेक्षा होडी वल्ह्यापाशी नेतो आहोत असं मनात धरावं. तासाभरात खांद्यांची तक्रार थांबली. शेजारून मोटरबोटी जात होत्या. त्यांच्यावर लोकांच्या होड्या लादलेल्या होत्या, कारण पैसे भरले की ही पहिली काही तळी मोटरबोटीनं पार करून मिळतात. आम्हालाही दुकानदारानं विचारलं होतं. सर म्हणाले, "तुम्हाला हवं तर जाऊ. पण मग मोटर कुठं थांबते ते तुम्हाला कळणार नाही."

मोटर थांबते ती सकर तळ्यावर. मूस, न्यूफाउंड आणि सकर या तिन्ही तळ्यांवर पंचवीस अश्वशक्तीपर्यंतची मोटर चालते. त्यापुढच्या बर्च तळ्यावर चालत नाही. हा काही निसर्गाचा भेद नाही. पाणी तेच, किनाऱ्यावरचे पाइन आणि सीडर तेच. ही रेघ १९७८ च्या कायद्यानं ओढली, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीनं. आम्ही ती ओलांडली तेव्हा एक मोटर आमच्या मागं कितीतरी वेळ ऐकू येत होती, मग वळणाआड बारीक झाली, मग नाही. त्यानंतर कानावर आला तो वल्ह्यावरून गळणाऱ्या थेंबांचा आवाज. मी मान वर केली तर आकाशात विमानाची रेघही नव्हती. सरांनी सांगितलं की या भागावरून समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांच्या खाली विमान उडवायला १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी बंदी घातली. त्याआधी मासेमारीचे शौकीन पाण्यावर उतरणाऱ्या विमानांतून थेट तळ्यांवर यायचे आणि परत जायचे.

शांतता ही रानात आपोआप असते अशी माझी समजूत होती. सह्याद्रीत ती हरवत चालली आहे म्हणून हळहळायचं, जणू एखादा झरा आटतो आहे. इथं मला समोर दिसलं की ही शांतता माणसांनी बसवली आहे. त्यासाठी कुणीतरी सभा घेतल्या, कुणी भांडलं, कुणाचा धंदा बुडाला, कुणाला घर सोडावं लागलं. थेंबांचा आवाज मला ऐकू यावा म्हणून कुणीतरी काहीतरी सोडलं होतं. कुणी आणि काय, हा प्रश्न मग पुढच्या सगळ्या तळ्यांवर माझ्याबरोबर राहिला.

बर्चच्या पुढं कार्प, मेलन, सीड आणि मग नाइफ. मधल्या प्रवाहाला जिथं उतार आहे, पाणी खडकांतून उसळतं, तिथं पोर्टेज. ही अंतरं इथं रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे साधारण एका होडीची लांबी. नकाशावर वीस रॉड, ऐंशी रॉड असं लिहिलेलं असतं आणि माणसं चालून आल्यावर त्याच भाषेत बोलतात. भाच्यानं केव्हलारची होडी घेतली होती, वीस किलोच्या आतली. सरांची जुनी ॲल्युमिनियमची, तिच्याहून कितीतरी जड. होडीच्या मध्यावर खांद्यांसाठी आडवी फळी असते. मांडीवर होडी उचलायची, एका हिसक्यानं फिरवायची, की ती डोक्यावरून पालथी बसते. तशी होडी घेऊन सर झाडीत शिरले तेव्हा मला कोकणातल्या लावणीच्या दिवसांतलं इरलं घेतलेलं माणूस आठवलं. खाली फक्त दोन पाय, तेही खडकांवर अचूक पडणारे.

पोर्टेजच्या वाटेवरची रीत मला विलक्षण वाटली. होडी वाहणाऱ्याचा हक्क पहिला. बाकीचे बाजूला सरकून झाडाला पाठ लावून उभे राहतात. काठावर उतरल्यावर सामान मधे पसरायचं नाही, कारण मागून कुणी येत असेल. दुसरा गट आधीच काठाला लागला असेल तर पाण्यातच होडी थोपवून थांबायचं. तक्रार नाही, घाई नाही. आम्हाला एक कुटुंब भेटलं. आई, वडील, दोन मुलगे आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी. मुलीच्या पाठीवर तिच्या मापाची सॅक आणि हातात दोन वल्ही. मी सवयीनं तिचं ओझं घ्यायला हात पुढं केला. तिनं मोठ्या सभ्यपणे मान हलवली आणि चालत राहिली. तिची आई मागून येत मला म्हणाली, "तिचं ती नेते." आपल्याकडे लहान मुलाच्या हातातली पिशवी कुणीही वडीलधारं काढून घेतं आणि त्यात प्रेम असतं. इथं ती न काढून घेण्यात प्रेम होतं. त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा अभिमान पाहिल्यावर मला हे दुसरं प्रेमही पटलं.

याच वाटांनी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार चालायचा. फ्रेंच बोलणारे व्हॉयाजर नावाचे होडीवाले हमाल भूर्जाच्या सालीच्या होड्या घेऊन येत. त्यांच्या एका गाठोड्याचं वजन नव्वद पौंड, म्हणजे चाळीस किलो, आणि एका वेळी दोन गाठोडी नेण्याची रीत. कपाळावर पट्टा अडकवून ते धावतच जात. मी नाणेघाटाचा विचार करत होते. तिथल्या गुहेत सातवाहनांचा लेख आहे, वर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे, आणि ज्यांच्या पाठीवरून तो सगळा माल चढला त्यांचा कुठं उल्लेख नाही. आपण ट्रेकर मंडळी ज्या वाटा मौजेनं चढतो, त्या बहुतेक पाठीवर ओझं असलेल्या माणसांनी पाडलेल्या आहेत. इथंही तसंच. फरक एवढा की व्हॉयाजरांची नावं नसली तरी त्यांची गाणी आणि ओझ्याचं माप लोकांना ठाऊक आहे.

आणि होड्या भूर्जाच्या होत्या, त्या बांधायला कुणी शिकवलं? ओजिब्वे लोकांनी. साल, सीडरच्या फासळ्या, शिवायला मुळं, सांधायला डिंक. हे पाणी त्यांचं घर होतं. १८५४ च्या तहानं हा मुलूख अमेरिकेच्या सरकारकडे गेला. शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क त्यांनी राखून ठेवला, तो आजही कायद्यानं त्यांचा आहे. उथळ तळ्यांत वाऱ्यावर डोलणारं उंच गवतासारखं जे दिसतं, ते त्यांचं मनूमिन, म्हणजे जंगली भात. उन्हाळ्याच्या अखेरीला दोघं होडीतून जातात. एक होडी ढकलतो, दुसरा एका काठीनं लोंब्या होडीवर वाकवतो आणि दुसऱ्या काठीनं हळूच झोडतो. पिकलेले दाणे होडीत पडतात, काही पाण्यात पडतात आणि तेच पुढच्या वर्षीचं बियाणं. आम्ही गेलो ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा लोंब्या अजून हिरव्या होत्या. तो काळा, लांबट, भाजल्याचा वास असलेला भात ईलीतल्या खानावळीत सूपमध्ये खाल्ला होता. भात खाणाऱ्या माणसाला तो लगेच आपला वाटतो, आणि तरी त्याची चव आपल्या कुठल्याही तांदळात नाही.

पहिला मुक्काम एका खडकाळ भूशिरावर. मुक्कामाच्या जागा ठरलेल्या आहेत. जिथं लोखंडी जाळी आहे तिथंच तंबू टाकायचा. मागं झाडीत थोडं चालून गेलं की संडास. संडास म्हणजे खड्ड्यावर बसवलेली झाकणाची पेटी. भिंत नाही, छप्पर नाही, समोर सगळं रान. आमच्यात ठरलं की वाटेच्या तोंडाशी वल्हं उभं केलेलं असलं तर कुणी पुढं जायचं नाही. हे लिहिताना मला जराही संकोच वाटत नाही, कारण सह्याद्रीत बायकांना विचारा. गडावर मुक्काम म्हटलं की दुपारपासून पाणी कमी प्यायचं, अंधार पडायची वाट बघायची, आणि जिथं जावं तिथं आधी कुणीतरी जाऊन आलेलं. एक साधी पेटी, दोनशे पावलांची राखलेली वाट आणि ती स्वच्छ ठेवणारी माणसं, एवढ्यानं एका बाईचा रानातला दिवस किती बदलतो हे मी शब्दांत सांगू शकत नाही. मी त्या दिवशी पोटभर पाणी प्यायले.

संध्याकाळी सरांनी गळ टाकून दोन वॉलाय मासे धरले. तिसरा लागला तो सोडून दिला, चौघांना दोन पुरे म्हणाले. मासा साफ करायला ते काठापासून लांब गेले. पिठात घोळवून तव्यावर तळलेला तो गोडा मासा आणि शेजारच्या चुलीवर सुनेचं पिठलं. मोहरी तडतडली, लसणाचा वास पाइनच्या धुरात मिसळला. सर पातेल्यापाशी येऊन उभे राहिले. कोरड्या पिठाचं दोन मिनिटांत हे असं काही होतं यावर त्यांचा विश्वास बसेना. आम्ही ते मेक्सिकन रोट्यांबरोबर खाल्लं, कारण भाकरी थापायला परात नव्हती. सरांनी पातेलं बोटानं निपटलं आणि विचारलं, "तुमच्या डोंगरात हे कोण शिजवतं?"

मी सांगितलं. हरिश्चंद्रगडावर, राजमाचीला, रतनवाडीला गावातलीच माणसं शिजवतात. घरातली बाई चुलीपुढं बसते, नाचणीची नाहीतर तांदळाची भाकरी थापते, "अजून घ्या ताई" म्हणते. पावसात भिजून गेलेल्या पोरांना ओसरीवर झोपायला घोंगडी देते. सकाळी तिचा नवरा वाट दाखवायला कड्यापर्यंत येतो. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्या रानात कुणीतरी घरी असतं."

जेवण झाल्यावर उरलेला शिधा दोरीनं झाडाच्या उंच फांदीवर चढवला, अस्वलासाठी. सुकी फाटी मोडून चुलीशेजारी एक लहान मोळी रचली. ती आमच्यासाठी नव्हती. सर म्हणाले, उद्या इथं येणारे पावसात आले तर? मग लून ओरडायला लागले. बदकाहून मोठा, काळ्या-पांढऱ्या चौकटीच्या पाठीचा, लाल डोळ्यांचा हा पाणपक्षी मिनेसोटाचा राज्यपक्षी आहे. त्याची एक हाक लांबलचक, वर चढून खाली येणारी, आणि दुसरी वेड्यासारखी थरथरणारी. एकानं हाक दिली की पलीकडच्या तळ्यावरून दुसरा ओ देतो, त्याच्याही पलीकडून तिसरा. किती दूरवर पाणी पसरलं आहे हे मला त्या रात्री नकाशावरून नाही, या हाकांवरून समजलं.

नाइफ तळं लांबच लांब आहे आणि सीमा त्याच्या मधून जाते. डावीकडे कॅनडा, उजवीकडे अमेरिका. पाण्यावर काही खूण नाही. डाव्या काठाला पाय लावायचा तर कागद लागतात, म्हणून आम्ही मधोमध वल्हवत गेलो. पाणी इतकं नितळ की तळाचे दगड जवळ वाटतात आणि वल्हं घातलं तर पोचत नाही. काठाचा खडक काळसर, फुटला की धार देणारा. हजारो वर्षांपूर्वी माणसं इथं येऊन याच दगडाची हत्यारं घडवत. त्याचे कपचे अजून सापडतात. उचलायचे नाहीत, पाहायचे.

एका दुपारी वारा उलटा फिरला. दोन तास वल्हवून एक बेट मागं पडेना. त्याबद्दल एवढंच.

थंडर पॉइंट नावाच्या सुळक्यापाशी होड्या काठाला लावून वर चढलो. चढ छोटा, आमच्या पायांना सरावाचा. वाटेवर जंगली ब्लूबेरी पिकल्या होत्या, आपल्या करवंदांच्या निम्म्या आकाराच्या आणि जीभ निळी करणाऱ्या. माथ्यावरून दोन्ही देशांचं पाणी आणि बेटं दिसत होती, क्षितिजापर्यंत. मी डोळ्यांनी शोधत होते, आणि काय शोधते आहे ते मला थोड्या वेळानं समजलं. धूर. कौलं. एखादं देऊळ, शेंदूर लावलेला दगड. गुरांची घंटा. सह्याद्रीच्या कुठल्याही माथ्यावरून खाली पाहिलं की यातलं काहीतरी दिसतंच आणि डोंगर वस्तीला आहे हे कळतं. इथं दिसत होतं ते सुंदरच होतं, मी आजवर पाहिलेल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक. आणि त्यात कुणी राहत नव्हतं. १९६४ च्या कायद्यानं अमेरिकेत अशी रानं राखायचं ठरलं, त्यात कल्पनाच अशी आहे की माणूस तिथं पाहुणा म्हणून येईल आणि निघून जाईल. पण खालच्या दगडांवर तर माणसांच्या कामाचे कपचे पडले होते.

नाइफ तळ्यातल्या आइल ऑफ पाइन्स या बेटांपाशी आम्ही होड्या थांबवल्या. इथं डोरोथी मोल्टर राहत. शिकागोच्या परिचारिका. १९३० मध्ये सुट्टीला आल्या आणि पुढं इथल्याच झाल्या. इथलं छोटं विश्रामधाम १९४८ मध्ये त्यांच्याकडे आलं. रानात कुणाचा पाय मोडला, कुणाच्या बोटात गळ रुतला, की लोक त्यांच्याकडे येत. विमानबंदीनंतर बाहेरून सरबताच्या बाटल्या येणं थांबलं, तेव्हा त्या उरलेल्या बाटल्यांत घरीच रूट बिअर, म्हणजे एक प्रकारचं सरबत, करू लागल्या, हिवाळ्यात तळ्यातून कापून ठेवलेल्या बर्फात ती गार करत आणि येणाऱ्या प्रत्येक होडीला देत. रान राखण्यासाठी सरकारनं आतली घरं आणि विश्रामधामं विकत घेतली, माणसांना बाहेर काढलं. डोरोथीबाई हलेनात. लोकांनी त्यांच्यासाठी एवढा आवाज उठवला की त्यांना हयातभर राहायची परवानगी मिळाली. १९८६ च्या डिसेंबरात त्या याच बेटावर वारल्या. सर तरुणपणी त्यांच्याकडची रूट बिअर प्यायले होते. बेटाकडे पाहत त्यांनी टोपी काढली आणि थोड्या वेळानं परत घातली.

त्याच १९८६ साली आपल्याकडे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं होती आणि गावं राहिली. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईची माणसं आजही तिथं भात लावतात, गडावर झोपडी टाकून पिठलं-भाकरी देतात. दोन्ही देशांनी डोंगर-पाणी राखायचं ठरवलं आणि माणसांचं काय करायचं याची उत्तरं वेगळी दिली. आपलं उत्तर मला जास्त माणुसकीचं वाटतं, हे मी ठामपणे म्हणेन. पण ते अर्धं आहे. राहणाऱ्याला आपण ठेवलं, आणि येणाऱ्याला काहीच विचारलं नाही. पावसाळ्यातल्या रविवारी कुठल्याही सोप्या गडावर किती माणसं सोडायची, प्लास्टिक कुणी खाली आणायचं, गाणी किती मोठ्यानं वाजवायची, हे ठरवणारी ती कचेरीतली मुलगी आपल्या वाटेच्या तोंडाशी नाही. राजगड, लोहगड २०२५ मध्ये जागतिक वारसा झाले. आता गर्दी वाढेलच. त्या गर्दीचा कचरा उचलायचं काम भाकरी देणाऱ्या बाईच्या अंगावर पडणार असेल तर ते पाहुणचाराचं काम राहणार नाही.

ईलीत परतलो तेव्हा सगळ्यात आधी आमची कचऱ्याची पिशवी दुकानाच्या मागच्या पिंपात गेली. चार माणसांचा एवढ्या दिवसांचा कचरा एका हातात मावला, याचा सुनेला फार आनंद झाला. मग डोरोथीबाईंच्या झोपड्या पाहिल्या. बाई गेल्यावर स्वयंसेवकांनी ओंडके सुटे करून, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून त्या गावात आणल्या आणि १९९३ पासून तिथं संग्रहालय आहे.

गावात हा सगळा इतिहास निवलेला नाही. सिगर्ड ऑल्सन हे इथलेच शिक्षक, होडीवाटेचे मार्गदर्शक आणि लेखक. हे रान राखण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं. १९७७ मध्ये मोटरबंदीवर सुनावणी झाली, तेव्हा याच गावातल्या लोकांनी त्यांचा पुतळा फासावर लटकवला. ते वयाच्या ७८ व्या वर्षी तिथं बोलायला उभे राहिले. रागावलेल्या लोकांच्याही पोटाचा प्रश्न होता. मासेमारीसाठी मोटरबोटी चालवणारी, विश्रामधामं बांधणारी कुटुंबं होती ती. आजही अंगणांत पाट्या दिसतात. काहींवर तांबं-निकेलच्या नव्या खाणीला विरोध, काहींवर पाठिंबा. या पाणलोटात खाणकामावर २०२३ मध्ये २० वर्षांची बंदी आली होती, पण पाट्या अजून लागलेल्याच होत्या. एकाच गल्लीत समोरासमोर. आमचे खानावळवाले म्हणाले की त्यांचे वडील खाणीत होते आणि मुलगी होड्या भाड्यानं देते, तर त्यांनी कुठली पाटी लावावी? आणि आमच्या पुढ्यात ब्लूबेरीचे पॅनकेक ठेवून ते निघून गेले.

सर खातखात माझ्याकडून सह्याद्रीची माहिती काढत होते. गडावर जायला परवाना लागतो का? भाकरीचे पैसे कोण ठरवतं? त्या घरातली मुलं शाळेत कुठं जातात? शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे मोठं उत्तर होतं. डोंगरातून चालत, पावसाळ्यात ओढा ओलांडून, आणि बरीचशी आश्रमशाळेत घरापासून दूर. मग त्यांनी होडीतला नकाशा काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्याकडून पाचनई लिहून घेतलं, रतनवाडी लिहून घेतलं, आणि कुठल्या महिन्यात यावं असं विचारलं. भाचा म्हणाला पावसाळ्यात, धबधबे असतात. सून म्हणाली अजिबात नको, त्यांना भात कापून झाल्यावर न्या, घरात नवा तांदूळ असतो, वाटा वाळलेल्या असतात आणि गावातल्या माणसांना बसून बोलायला सवड असते. सरांनी लिहिलं, डिसेंबर. त्याच्याखाली लिहिलं, स्वतःची ताटली आणावी. आणि मला विचारलं की त्या बाईंसाठी मिनेसोटाचा काळा भात आणला तर त्या तो कसा शिजवतील.